दलित मुक्ती रविवार यंदा ऐन दिवाळीत: मराठी मंडळीत उपासना आणि रविवारची शाळा कशी बसवावी?

उंबरवाला

नोव्हेंबरचा दुसरा रविवार यंदा ८ तारखेला, म्हणजे नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी येतोय. २००७ पासून एनसीसीआय (प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांची राष्ट्रीय परिषद, कचेरी नागपुरात) आणि कॅथलिक बिशपांची सीबीसीआय हा दिवस मिळून दलित मुक्ती रविवार म्हणून पाळतात. शहरातल्या मंडळ्या (म्हणजे चर्चं) तारीख सांभाळतील. खेड्यात त्या दिवशी पाळकसाहेब, पेटीवाला आणि पुढच्या बाकावरच्या चार आजीबाई एवढेच उरतात. लेकी माहेरी, मुलं मामाच्या गावी, आणि पाथर्डी-शेवगाव-आष्टी पट्ट्यात तर निम्मी घरं उसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्याच्या वाटेला लागलेली. ज्यांच्यासाठी हा रविवार, तेच देवळात नाहीत.

म्हणून माझं मत: उसतोडीच्या पट्ट्यातल्या मंडळ्यांनी तो १८ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आधी घ्यावा. तारखेपेक्षा माणसं महत्त्वाची. पास्टरेट कमिटीचा (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचा) ठराव मात्र ऑगस्टमध्येच करून घ्या. सप्टेंबरनंतर कापणीचा सण, महिला मंडळाचा रविवार आणि नाताळची वर्गणी यांच्या गर्दीत जागा मिळत नाही.

धागा यासाठी की साहित्य इंग्रजीत हाती येतं आणि शनिवारी रात्री घाईघाईने त्याचं मराठी होतं. ते थांबवायचं असेल तर आत्तापासून कोण काय करू शकेल ते इथे लिहा.

घंटा

शास्त्रपाठ कुठले? आमच्याकडे तीन वर्षांच्या चक्राप्रमाणे वाचन चालतं. तारीख हलवली की वाचन चुकतं आणि वडीलमंडळी लगेच बोट ठेवतात.

उंबरवाला

@घंटा, यंदा मत्तयाचं वर्ष आहे, आगमनकाळापर्यंत (नाताळाआधीच्या चार रविवारांपर्यंत) तेच चालेल. सुधारित सामायिक वाचनक्रमात ८ नोव्हेंबरला जुन्या करारातल्या पर्यायी वाचनांत आमोस ५:१८-२४ (न्याय पाण्यासारखा वाहू दे) आहे, सोबत १ थेस्सलनी ४:१३-१८ आणि मत्तय २५:१-१३, दहा कुमारींचा दाखला. म्हणजे मूळ तारखेला करणाऱ्यांना आयतंच ताट वाढलेलं आहे.

१८ ऑक्टोबरला शुभवर्तमान मत्तय २२:१५-२२, कैसराचं नाणं. तिथे आमोस बाहेरून आणावा लागेल. शहरातल्या मंडळीला २५ ऑक्टोबर चालत असेल तर बघा, त्या दिवशीच्या पर्यायात लेवीय १९:१-२, १५-१८ येतं: न्याय करताना गरिबाचीही भीड धरू नका, थोराचाही मान राखू नका. उपदेशाला हे आमोसापेक्षा सोपं जातं, असं माझं मत. छापलेल्या वाचनक्रमाच्या आधी आपल्या डायोसिसचं (धर्मप्रांताचं) पंचांग पाहा, काही ठिकाणी वाचनं वेगळी असतात.

वसईची वाट

कॅथलिकांकडे ८ तारखेला आमोस नाही. पहिलं वाचन शलमोनाच्या ज्ञानाच्या पुस्तकातून, ६:१२-१६. बाकी दोन्ही वाचनं तीच. रविवारचं वाचन आम्हाला मनाने बदलता येत नाही. त्यामुळे विषय प्रवचनात आणि विश्वासू जनांच्या प्रार्थनेत आणावा लागतो. त्या प्रार्थना पाच-सहाच असतात, त्यातली एक "जगातल्या सर्व पीडितांसाठी" अशी गुळगुळीत लिहून मोकळं होण्याची खोड असते. निदान दोन प्रार्थना नेमक्या लिहा: एक गटार-सफाई करणाऱ्या कामगारांसाठी, एक आपल्याच धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) लग्न जुळवताना जात विचारली जाते त्याबद्दल क्षमेची. दुसरी वाचताना देवळात चुळबुळ होईल. होऊ दे.

सीबीसीआयने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं. चर्चच्या आत भेदभाव आहे हे त्यात मान्य केलेलं आहे. "आपल्यात असलं काही नसतं" म्हणणाऱ्यांपुढे तेवढं ठेवलं तरी पुरे.

कलम ३४१

इतिहास सांगताना दरवर्षी त्याच चुका होतात, म्हणून एकदा नीट लिहितो. उपदेशात तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ याला देऊ नका, पण तीन मिनिटं बिनचूक असावीत.

१० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात अट आहे: हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात तो यामुळे.

चूक पहिली: "हे घटनेत लिहिलंय." नाही. अट आदेशात आहे, आणि कलम ३४१ प्रमाणे संसद साध्या कायद्याने तो बदलू शकते. दोनदा बदललाच आहे.

चूक दुसरी: "ख्रिस्ती झालं की आदिवासींच्याही सवलती जातात." अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. वारली, कोकणा, भिल्ल ख्रिस्ती जमातीतच राहतात. नंदुरबार आणि पालघरकडे उपदेश करताना हे उलटसुलट झालं तर लोक घाबरून घरी जातात.

चूक तिसरी: सर्वोच्च न्यायालयातला १९८५ चा सुसाई खटला "ख्रिस्त्यांत जात नसते असा निकाल" म्हणून सांगणं. कोर्टाचं म्हणणं असं होतं की नुसती जात उरली हे दाखवून भागत नाही, नव्या धर्मातही ती वंचना तितकीच तीव्र आहे हे पुराव्याने दाखवा. म्हणजे माहिती गोळा करण्याचं काम आपल्या गळ्यात आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ च्या अहवालात तिसरा परिच्छेद काढून टाका म्हटलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर नवा आयोग नेमला.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. पुष्कळ घरांत कागदावर धर्म एक आणि उपासना दुसरी असते. का, ते वर सांगितलेल्या १९५० च्या आदेशातच आहे. म्हणून त्या रविवारी कुणालाही उभं करून जात विचारू नका, हात वर करायला सांगू नका, "आपले दलित बंधू अमुक" असं नाव घेऊ नका. फोटो पाठीमागून, किंवा फक्त वेदीचे. फेसबुकवर थेट प्रक्षेपण त्या दिवशी बंद. एखाद्या मुलाच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी समितीपुढे चालू असते आणि आपण त्याचा साक्ष देतानाचा व्हिडिओ जगासमोर टाकलेला असतो. एवढं भान पुरे.

सातवा खण

'दलित' शब्दालाच विरोध होतो त्याचं काय करायचं? "ख्रिस्तात आल्यावर आम्ही दलित कसले" असं ज्येष्ठ मंडळी म्हणतात, आणि गलती ३:२८ (ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी म्हणजे ग्रीक नाही, सगळे एकच) पुढे करतात.

उंबरवाला

त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. ज्यांच्या आज्याने गावकुसाबाहेरून उठून नाव टाकलं, त्यांना तोच शिक्का पुन्हा नको असतो. वाद घालू नका. पत्रकावर 'न्यायाचा रविवार' छापा आणि आत सगळं स्पष्ट बोला.

पण गलती ३:२८ शेवटचा शब्द म्हणून वापरू देऊ नका. त्याच्या शेजारी प्रेषितांची कृत्ये ६:१-७ ठेवा. रोजच्या वाटपात ग्रीक भाषकांच्या विधवा सुटतात, अशी तक्रार येते. प्रेषित काय करतात? "ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी नाही" म्हणून गप्प बसवत नाहीत. सात जण निवडतात, आणि सातही नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती वाटप. पास्टरेट कमिटीची यादी शेजारी ठेवून हा पाठ वाचला तर उपदेशाची गरजच उरत नाही.

तराजू

रविवारच्या शाळेचं लिहिते. ८ ते ११ वयाला आमोस ८:४-६ घ्या: लहान एफा (धान्याचं माप), मोठा शेकेल (वजन), खोटा तराजू, गव्हाच्या नावाखाली भुसकट. मुलांना हे हातात धरून दाखवता येतं.

खोटा तराजू असा करा. ६० सेंमी लांबीची सरळ बांबूची काठी, दोन कागदी थाळ्या (द्रोण नकोत, लवंडतात), प्रत्येक थाळीला ३० सेंमीचे तीन दोरे, आणि टांगायला सुतळीचा फास. काठीच्या टोकांवर खाच पाडा, नाहीतर दोरा आत सरकतो आणि सगळं गणित बिघडतं. मध्यभागी ३० सेंमीवर पेनाने रेघ, तिथून २ सेंमी बाजूला दुसरी रेघ.

पहिल्यांदा फास मधल्या रेघेवर. दोन्हीकडे सारखे हरभरे, काठी आडवी. मग मुलांची पाठ वळवून फास दुसऱ्या रेघेवर सरकवा. आता एक हात २८ सेंमी, एक ३२. रिकामा तराजू लांब बाजूला झुकेल. आखूड बाजूच्या थाळीखाली ओल्या मातीचा गोळा चिकटवून तो समतोल करा. लबाडी लपते ती इथे, रिकामा तराजू अगदी प्रामाणिक दिसतो. आता आखूड बाजूला १ किलोचं वजन आणि लांब बाजूला धान्य घातलं तर काठी ८७५ ग्रॅमवरच आडवी होते. किलोमागे १२५ ग्रॅम दुकानदाराच्या घशात. अर्थात असल्या काठीला एवढं वजन झेपत नाही, वर्गात २०० ग्रॅमच घ्या. धान्य १७५ ग्रॅम भरतं. शेवटी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकून दाखवा.

मग विचारा, चोरी कशी पकडाल? एखादं पोर थाळ्यांतला माल आणि वजन अदलाबदल करून बघू म्हणतं. अदलाबदल केली की काठी धाडकन कलंडते. कुणालाच सुचलं नाही तर घाईने सांगू नका, दोन मिनिटं शांत राहा.

१ सेंमीने सरकवू नका. फरक १३ ग्रॅमचा पडतो आणि सुतळीच्या घर्षणात हरवतो.

घंटा

भारी. लहान गटाला, ४ ते ७ वर्षं?

तराजू

त्यांना जात, आदेश, आयोग काही नको. चांगला शोमरोनी घ्या, वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्याची येशूची गोष्ट. 'ओपन बायबल स्टोरीज'च्या ५० गोष्टींत ती २७ वी आहे. मजकूर आणि चित्रं मुक्त परवान्यात आहेत, श्रेय छापून हवी तितकी प्रत काढता येते. आमोस त्या ५० मध्ये नाही. १९ वी गोष्ट संदेष्ट्यांची आहे, पण एलीया, अलीशा, यिर्मया एवढेच.

फ्लॅनेलचा फळा असेल तर काढा, मोबाईलपेक्षा बरा. चित्राच्या पाठीला ८० नंबरच्या पॉलिशपेपरची १ बाय ४ सेंमी पट्टी, वरच्या कडेला. मधोमध लावली तर डोकं पुढे झुकतं आणि शोमरोनी गाढवावरून पडतो. फळा भिंतीला टेकवून थोडा मागे कलता ठेवा. सरळ उभा ठेवला तर पंख्याच्या वाऱ्याने पात्रं गळतात.

एक कळकळीची सूचना, सगळ्या गटांसाठी. 'वरचे-खालचे' असं नाटुकलं करू नका. काही मुलांना टिळा, काहींना झाडू, काहींना वेगळा पेला, हे परदेशी धड्यांच्या धर्तीवर केलं जातं. ज्याला शाळेत तो पेला खरोखर मिळालेला असतो, ते पोर त्या दिवशी पुन्हा एकदा तेच सोसतं, आणि या वेळी देवळात. वेदीवर झाडू-मडकं मांडण्याचंही तेच.

पेटीमास्तर

गाण्यांबद्दल. आमोस ५:२३ मध्ये देव म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा. तेव्हा आम्ही वाजंत्र्यांनी त्या दिवशी जरा जपूनच असावं.

इंग्रजी आराधनाविधीतलं भाषांतरित धृपद पेटीवर बसत नाही. मात्रा मोजल्याशिवाय केलेलं असतं. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात ना. वा. टिळकांची पदं आहेत, ओवी-अभंगाच्या वळणाची, तीच घ्या. नवं लिहायचंच असेल तर अभंगाच्या मोठ्या छंदात, सहा-सहा-सहा-चार अक्षरांत. कुणालाही दुसऱ्या कडव्यापासून म्हणता येतं.

हलगी हवी असा आग्रह यंदा बऱ्याच ठिकाणी दिसतोय. जरूर आणा, पण तीन गोष्टी. एक, कातडी पान ऑक्टोबरच्या दमट हवेत उतरतं. मिरवणुकीआधी कागद-काटक्यांच्या जाळावर फिरवत शेकायला हवं, वाजवून बघत बघत, आणि अर्ध्या तासाने पुन्हा. शेकायला आवारात जागा ठेवा, मांडवाच्या कापडापासून लांब. फायबरच्या पानाला हे लागत नाही, पण आवाज पत्र्याचा येतो. दोन, सिमेंटच्या छताखाली हलगी इतकी घुमते की शब्द ऐकू येत नाहीत. दारापर्यंत हलगी, आत दिमडी आणि ढोलकी. तीन, आणि हे मुख्य: "तुमच्या घरात वाजवतात ना, मग तुम्हीच घ्या" असं कुणाला म्हणू नका. तरुण संघातल्या चौघांना शिकवा, त्यात पाळकांचा मुलगाही असू दे.

सातवा खण

आराधनेचा क्रम कुणी मांडेल का? सव्वा तासाचा.

उंबरवाला

हलगीसह प्रवेश ५ मिनिटं. पापांगीकार ५. आमोस आणि शुभवर्तमान १०, वाचणारे दोघे वेगळे, त्यातली एक बाई. उपदेश १५. मध्यस्थीची प्रार्थना ८. दान आणि गीत ७. प्रभूभोजन २०. आशीर्वाद, सूचना ५. प्रभूभोजन नसेल तर ती २० मिनिटं उपदेशाला देऊ नका, लोकांना बोलू द्या.

मध्यस्थीत मंडळीचं उत्तर प्रत्येक वेळी तेच आणि चार-पाच शब्दांचंच ठेवा. सगळ्यांना वाचता येत नाही, आणि येतं त्यांचा चष्मा घरी असतो. हे घ्या, कुणीही वापरा:

पुढारी: सूर्य मावळेपर्यंत जो राबला आणि रित्या हाताने घरी परतला, त्याच्यासाठी,
सर्व: प्रभू, न्याय वाहू दे.
पुढारी: उचल फिटेना म्हणून शाळा सोडून जे फडावर गेले, त्या लेकरांसाठी,
सर्व: प्रभू, न्याय वाहू दे.
पुढारी: तुझ्या घरात कुणाला पुढे बसवलं, कुणाला दाराशी ठेवलं, त्या आमच्या नजरेसाठी,
सर्व: प्रभू, न्याय वाहू दे.

पहिली ओळ अनुवाद २४:१५ वर बेतलेली, शेवटची याकोब २:१-४ वर.

उपदेशकांसाठी एक मुद्दा. आमोस ५:२४ मध्ये न्याय ज्या ओढ्यासारखा वाहायला हवा, त्याला हिब्रूत 'नहल एतान' म्हटलंय. नहल म्हणजे ओढा, पावसात फुगणारा आणि मग कोरडा पडणारा. एतान म्हणजे न आटणारा, बारमाही. 'प्रचंड लोंढा' असा अर्थ केला की लोकांच्या डोळ्यांपुढे पूर येतो, वाहून गेलेली घरं येतात. आमोसाला पूर नकोय. मे महिन्यातही पाणी असलेला ओढा हवाय. मराठवाड्यातल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, फक्त 'बारमाही' हा शब्द उच्चारा. आणि आमोस स्वतः तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची फळं टोचणारा. ७:१४ पाहा. हंगामी कामाचा माणूस.

कलम ३४१

पत्रक छापताना दोन अडचणी. बायबल सोसायटीच्या मजकुरावर हक्क राखीव आहेत. चार वचनं उद्धृत करणं वेगळं आणि अख्खे पाठ छापून वाटणं वेगळं. परवानगी मागायला वेळ नसेल तर 'इंडियन रिवाइज्ड व्हर्जन' बायबलचा मराठी मजकूर मुक्त परवान्यात आहे, तो घ्या, श्रेयाची ओळ छापा.

दुसरी: जुनी पत्रकं बहुधा श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या टंकात) असतात. युनिकोडमध्ये आणली की रफार भलत्याच अक्षरावर बसतो आणि 'ऱ्या'चा 'र्या' होतो. 'धर्म', 'मार्ग', 'दुसऱ्या', 'प्रार्थना' हे चार शब्द शोधून तपासा, बाकीचं आपोआप सापडतं. मजकूर १४ पॉइंटच्या खाली नको.

वसईची वाट

मुलांच्या कार्यक्रमाला दुसऱ्या धर्माची शेजारपाजारची मुलं येतात. पालकांची मराठीत लेखी संमती घ्या. त्यात धार्मिक पाठ असेल हे स्पष्ट लिहा, वेळ आणि नेणारा-आणणारा कोण तेही. वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं. मूल लैंगिक छळ झाल्याचं बोललं तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, "आधी कमिटीत बघू" चालत नाही. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक भिंतीवर लावून ठेवा.

घंटा

ऑगस्टच्या बैठकीत १८ ऑक्टोबरचा विषय ठेवतो. @तराजू, मातीचा गोळा कागदी थाळीला चिकटत नाही. वाळला की पडतो.

तराजू

शाडू नको, मळलेली कणीक घ्या आणि खालून सेलोटेपची एक फुली मारा. टेप आधी लावून मग समतोल साधा, तिचंही वजन असतं.

पेटीमास्तर

आणि कणीक वर्गानंतर लगेच काढून टाका. पुढच्या रविवारपर्यंत पेटीत मुंग्या होतात.